खंडेनवमीला तोफ घेऊन कोल्हापूरला

कोल्हापूरला जाणाऱ्याने अंबाबाईचं दर्शन घ्यावं, रंकाळ्यावर हवा खावी, पायाला चावणाऱ्या चपलांचा एक जोड घ्यावा आणि मुकाट्याने घरी परत यावं. तोफ घेऊन जाऊ नये. मी गेलो होतो, म्हणून सांगतो.

तोफ माझी नव्हती, हे आधी सांगितलेलं बरं. मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात दुर्बिणी आणि बारीक दातेरी चाकं यांचं काम करणारा मिस्त्री. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन चार-पाच वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. मी सहा वर्षं हंगामी होतो. हंगामी म्हणजे काय, ते ज्याच्या घरी हंगामी माणूस आहे त्यालाच कळतं. संध्याकाळी बायको दारातच विचारते, "झालात का कायम?" आणि आपण वाकून जोडे काढण्यात उगाच वेळ घालवतो.

त्या वर्षी आमच्याकडे विमानविरोधी तोफेसाठी नेम धरण्याचं एक यंत्र तयार झालं. त्याच्या दोन्ही दुर्बिणी मी माझ्या हाताने जुळवल्या होत्या. ट्रकवरच बसवलेल्या एका तोफेवर ते चढवायचं, कोल्हापूरच्या माळावर न्यायचं आणि वरून खरं विमान उडवून तपासायचं, असं ठरलं. कोल्हापूरच का, तर तिथे धावपट्टी आहे, माळ मोकळा आहे आणि आकाशात गर्दी नाही. गोळे झाडायचे नव्हते. विमान हेरायचं आणि नेमात धरून ठेवायचं, एवढंच. यंत्र कसोटीला उतरलं तर मी कायम, असं कारखान्याचे साहेब म्हणाले होते. तारीख काढताना त्यांनी पंचांग पाहिलं नाही. दसरा!

वाटेतलं गाव

पुणे ते कराड धूळ. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कराडला चहासाठी थांबलो तर तोफेभोवती बाजार भरला. एका म्हाताऱ्याने ट्रकच्या चाकाला हात लावून विचारलं, "ह्येचा मळणीला उपेग हुईल का?" मी नाही म्हणालो, तर त्याने माझ्याकडेच कीव आल्यासारखं पाहिलं.

तोफेचा प्रमुख हवालदार बसगोंडा. हातकणंगले तालुक्यातला, उंच, अंगाने भरलेला आणि आवाज असा की शेजारी बसून बोलला तरी पलीकडच्या बांधावरचा माणूस ओ देईल. कराड सोडल्यावर तो म्हणाला, "मिस्त्री, रातीला आमच्या गावात मुक्काम करू. अप्पाला दोन वर्सं बगितलं न्हाय."

"गाव रस्त्यावर आहे का?" मी विचारलं.

"वाटंतच हाय की!"

कोल्हापूरकडच्या माणसाने 'वाटेतच आहे' म्हटलं की गाडीवरून उतरून चालू लागावं. शिरोलीपाशी हमरस्ता सोडला तो सोडलाच. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये बैलगाडीची चाकोरी आणि त्यात आमचा तोफेचा ट्रक. एका ओढ्यात मागचं चाक रुतलं. भुईमूग काढायला आलेली माणसं शेंगांची पोती टाकून धावत आली. त्यांनी ट्रक ढकलून बाहेर काढला आणि नंतर आम्हाला तासभर सोडलं नाही, कारण मदत त्यांनी केली असली तरी पाहुणे आम्ही होतो. ओल्या शेंगा, उकडलेल्या शेंगा, भाजलेल्या शेंगा. पुण्यात एखाद्याला खायला द्यायचं तर आधी "जेवूनच आला असाल ना?" असं विचारण्याची सोय आहे. इथे विचारतच नाहीत. हातात ठेवतात आणि समोर उभं राहून चावताना पाहतात.

बसगोंडाच्या घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. त्याचे वडील अप्पा, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, वय सत्तरीच्या आसपास. शेती आणि शेंगांचा व्यापार. आई, म्हणजे अव्वा, माझ्या पानात भाकरीवर भाकरी टाकत होती. झुणका, शेंगांची चटणी, दही. चटणीने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तर ती कानडीत काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर आणखी चटणी मिळाली असती.

जेवणानंतर कंदील घेऊन अप्पा तोफ पाहायला आले. माझा चिडका स्वभाव सगळ्यांना माहीत आहे, पण कामाबद्दल कोणी मनापासून विचारलं की मी विरघळतो. मी त्यांना सगळं सांगितलं. तोफेच्या दोन बाजूंना दोन माणसं बसतात. एकाने तोंड डावीकडे-उजवीकडे फिरवायचं, दुसऱ्याने वर-खाली. दोघांपुढे एकेक चाक आणि एकेक दुर्बीण, दुर्बिणीत फुलीची खूण. दोघांनी आपापलं चाक फिरवत विमान त्या फुलीवर धरून ठेवायचं.

"आन् मग बार?" अप्पांनी विचारलं.

"तेवढ्याने भागत नाही. गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. म्हणून तोफेने विमानाच्या पुढे रोखायला हवं. किती पुढे, ते ही पेटी काढते. चाकं किती भरभर फिरतात त्यावरून ती विमानाचा वेग ओळखते आणि नळी तेवढी पुढे सरकवते. माणसाने फक्त विमानाकडे बघायचं."

अप्पांनी नळीवर हात फिरवला. मग म्हणाले, "जुंधळ्यात पाखरं येत्यात. गोफणीचा धोंडा पाखरावर न्हाय मारायचा. पाखरू जाणार तितं मारायचा. त्येच की ह्ये!"

इतके दिवस मी जे यंत्र समजावून सांगत होतो ते या माणसाने गोफणीत गुंडाळून परत दिलं. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. त्या भरात मी दुर्बिणींवरची कातड्याची टोपणं काढून दाखवली आणि म्हणालो, "अप्पा, बाकी सगळं लोखंड आहे. ह्या तोफेचा जीव म्हणाल तर ह्या दोन डोळ्यांत."

खंडेनवमी

सकाळी अव्वाने मला बंबाच्या पाण्याने अंघोळ घालायची असं ठरवलेलं दिसलं. पाणी इतकं कढत होतं की मी तांब्या-तांब्याने थंड करत बसलो. तेवढ्यात अंगणातून घंटेचा आवाज आला. मी ओल्या अंगावर पंचा गुंडाळून बाहेर धावलो.

तोफेला झेंडूची माळ. नळीवर विभूतीचे पट्टे. चाकाखाली नारळ फोडलेला. ट्रकला टेकवून नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड आणि शेंगा तोलायचा मोठा तराजू मांडलेला. आणि दोन्ही दुर्बिणींच्या काचांवर, अगदी मधोमध, रुपयाएवढे कुंकवाचे टिळे. ओघळ काचेच्या कडेने खाली उतरत होते. बसगोंडा वर्दीत हात जोडून उभा.

मी ओरडलो. काय काय ओरडलो ते सगळं लिहिणार नाही. "अक्कल आहे का?" हे होतं, "अडाणी" हे होतं, आणखीही होतं. अर्धं गाव तिथे उभं होतं आणि मी पंचा सावरत सत्तरीच्या माणसाला वाट्टेल ते बोलत होतो.

अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आवं, फाळाला लावतो, तराजूला लावतो. ह्येचा जीव डोळ्यात हाय म्हणून रातीला तुमीच सांगितलासा. मग डोळ्याला न्हाय लावायचं तर कुटं लावायचं?"

"पण हे नुसतं कुंकू नाही! हा चिकटा कसला?"

"शेंगतेल. लोखंडावर पान्यातलं कुंकू ठरत न्हाय. तेलात कालवलं."

हत्यारांच्या पिशवीतला मऊ रुमाल काढून मी तासभर काचा पुसल्या. मग वहीत तक्रार लिहिली, बसगोंडाला बाजूला घेतलं आणि ती त्याला वाचून दाखवली, की हवालदाराने परक्या माणसांना तोफेला हात लावू दिला आणि यंत्राला धोका पोचवला. हा कागद माळावर तपासणी घेणाऱ्या मेजरसाहेबांच्या हाती पडला की त्याच्या दंडावरच्या फिती जाणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"का नाही अडवलंस त्यांना?" मी म्हणालो.

"अडवलं असतं तर अप्पा दिवसभर जेवला नसता," तो म्हणाला. "लिवा तुमी. खरं हाय त्ये." आणि जाऊन ट्रकमध्ये बसला. त्याचं हे मान्य करणं मला जास्तच झोंबलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

काचा मात्र लख्ख निघाल्या. दुर्बिणीतून गावाबाहेरच्या चिंचेची पानं मोजता येत होती. वाचलो, असं वाटलं.

मंगळवार पेठ

माळावरच्या छावणीत शिपायांसाठी तंबू होते, माझ्यासाठी नव्हता. मी ना शिपाई ना साहेब. म्हणून मंगळवार पेठेत बसगोंडाच्या ओळखीच्या एका शेंगांच्या व्यापाऱ्याकडे माझी सोय लावली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्या पेठेत शिरणं म्हणजे काय, ते विचारू नका. प्रत्येक दारात काहीतरी धुणं, पुसणं, पूजणं चाललेलं. सायकलींना गंध, शिवणयंत्रांना गंध, वजनमापांना गंध. एका टांग्याच्या घोड्याच्या कपाळालाही होता आणि तो घोडा माझ्याइतकाच वैतागलेला दिसत होता.

"पावणं, तोफंसंगं आलासा न्हवं?" ज्याला त्याला हे माहीत होतं. बातमी आमच्या आधी पोचली होती. गुप्तता पाळा, असं निघताना साहेबांनी बजावलं होतं. पानवाल्याने मला विमान किती वाजता येणार ते सांगितलं. बरोबर सांगितलं.

रात्री अंथरुणावर पडून मी वहीतली तक्रार पुन्हा वाचली आणि तिच्यात 'हेतुपुरस्सर' हा एक शब्द वाढवला. तो खोटा होता. पण काही बिघडलंच तर माझ्याकडे काहीतरी हवं होतं.

दसरा

सकाळी माळावर मेजरसाहेब आधीच हजर. उत्तरेकडचे, मोजकं बोलणारे. दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या तर घड्याळाकडे पाहिलं.

ट्रक ठरलेल्या जागी आला. चार बाजूंचे चार लोखंडी पाय खाली सोडले, पाणसळीतला बुडबुडा पाहून तोफ समतल केली. हे सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर झालं. बसगोंडा कामावर असताना वेगळाच माणूस होता. आवाज तोच, पण एक शब्द वाया जात नव्हता. दोन शिपाई पाठीला पाठ लावून आकाश वाटून घेऊन बसले. एकाच्या वाट्याला सूर्याची बाजू आली होती. त्याने हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाकला आणि अंगठ्याच्या भोवती बघत राहिला. शत्रू उन्हाआडूनच येतो, असं बसगोंडाने मला सांगितलं.

मी शेवटची म्हणून दुर्बिणींतून नजर टाकली. डाव्या-उजव्याची स्वच्छ. वर-खालीची पाहिली. फुली दिसतच नव्हती. आत धुकं होतं, तांबूस धुकं. बाहेरून काच पुसली, पुन्हा पुसली. धुकं आतच होतं. काचेच्या कडेला राहिलेलं शेंगतेल कालच्या दिवसभरच्या उन्हात पातळ होऊन आत उतरलं होतं.

"इमान!" अंगठावाला ओरडला. "उनाच्या डाव्या अंगाला!"

तोफेचं तोंड फिरलं. डावा-उजवा शिपाई विमानाला घट्ट चिकटला. वर-खालीचा चाचपडत होता. त्याचं चाक कधी भरभर, कधी थांबून फिरायचं आणि पेटी बिचारी त्यावरूनच हिशेब करत होती, त्यामुळे नळी भलतीकडेच उंच निघाली. मागच्या तपासणीच्या दुर्बिणीतून मेजरसाहेब पाहत होते. त्यांची मान माझ्या दिशेने वळली.

"दुर्बीण सोडा! कडी धरा!" बसगोंडा गरजला. तोफेवर जुन्या पद्धतीची लोखंडी कडी असते, एकात एक वर्तुळांची. विमान किती वेगाने चाललंय याचा अंदाज करून माणसाने स्वतःच ते बाहेरच्या वर्तुळावर धरायचं. त्या शिपायाने उघड्या डोळ्यांनी कडीतून विमान पकडलं आणि ते डोक्यावरून पार पंचगंगेकडे जाईपर्यंत सोडलं नाही. तोफ पास. यंत्र नापास.

"काय झालं?" मेजरसाहेबांनी विचारलं.

बसगोंडा पुढे झाला, सावधानमध्ये उभा राहिला. "साहेब, माझ्या घरी..."

"थांब," मी म्हणालो. वही माझ्या खिशात होती. पण नुसता कागद देऊन भागणार नव्हतं. दुर्बीण उघडून आतलं तेल दाखवायचं, कुंकू दाखवायचं आणि मग कागद द्यायचा, असं मी ठरवलं. पुरावा हवा. विमान पुन्हा येणार नव्हतं, वेळ होता. मी चटई अंथरली, हत्यारं काढली आणि काच आवळणारं पितळी वळं फिरवून सोडवलं.

काच आणि दुर्बिणीची नळी यांच्यामध्ये एक रबरी चकती असते. तिच्या एका बाजूला उतार असतो. तो उतार बाहेरच्या बाजूला हवा, म्हणजे काच आवळली की रबर कडेला घट्ट बसतं आणि पाण्याचा थेंबसुद्धा आत जात नाही. शेंगतेल तर नाहीच नाही.

चकती उलटी होती.

मी ती बोटावर धरून बघत बसलो. मीच बसवली होती. दुसऱ्या कोणाचा हात त्याला लागला नव्हता. दुसऱ्या दुर्बिणीतली सुलटी असणार, म्हणून ती वाचली. अप्पांनी टिळा लावला नसता तर यंत्र आज पास झालं असतं, मी कायम झालो असतो, आणि पुढच्या पावसाळ्यात कुठल्यातरी सरहद्दीवर, खरं विमान अंगावर आलं असताना, एका शिपायाच्या डोळ्यासमोर धुकं आलं असतं.

हे पाहिलं फक्त मी. मेजरसाहेब दोन पावलांवर उभे होते, पण त्यांच्या लेखी ती रबराची एक चकती होती. फिरवून बसवली असती आणि कागद दिला असता तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. बसगोंडाने तर कबुलीच द्यायला तोंड उघडलं होतं. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला. खरं सांगतो, मी चकती फिरवलीसुद्धा. अर्धी बसवलीसुद्धा.

मग मला माझीच चीड आली. दोन दिवस जगावर चिडलो होतो, ती सगळी चीड घरी परतावी तशी माझ्याकडे आली.

"साहेब," मी म्हणालो, "चकती मी उलटी बसवली होती. तेलाचं निमित्त झालं. तेल नसतं तर पाणी गेलं असतं."

"तेल कुठून आलं?"

"पूजेचं. नवमीला हत्यारांची पूजा करतात, तशी ह्याचीही झाली. त्याने बिघाड झाला नाही, उघडकीला आला."

मेजरसाहेबांनी चकती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग बसगोंडाकडे फार वेळ पाहिलं. शेवटी चकती मला परत दिली आणि म्हणाले, "तुमच्या कारखान्याला लिहावं लागेल." एवढंच. बसगोंडाला ते काही बोलले नाहीत.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे विषय संपेल. पुण्याला त्याच नमुन्याची आमची बाकीची यंत्रं उघडली. अर्ध्याहून जास्त दुर्बिणींत चकती उलटी होती. सगळ्या माझ्याच हातच्या. मी कायम झालो नाही. बायकोने त्या संध्याकाळी काही विचारलं नाही, पानच वाढलं.

पुन्हा त्याच गावात

त्याच दिवशी परतताना मीच बसगोंडाला म्हणालो, "गाव वाटेतच आहे ना?" नवमीनंतर तो पहिल्यांदाच हसला. मी वहीतलं पान फाडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते न वाचताच विडीच्या काडीने पेटवलं.

गावात शिरलो तेव्हा माणसं शिलंगणाहून परतत होती. अप्पा कट्ट्यावर बसले होते. पुणेरी माणसाला माफी मागणं सोपं नसतं. आम्ही आधी प्रस्तावना करतो. मीही केली. रबर, उतार, काच, तेल, सगळं सांगितलं. मग म्हणालो, "अप्पा, चूक माझी होती. तुमची नव्हती. सगळ्या गावासमोर मी तुम्हाला नाही नाही ते बोललो."

भोवती तीच माणसं जमली होती. अप्पांनी माझं सगळं बोलणं कान देऊन ऐकलं.

"म्हंजी आमच्या तेलानं तुमची चूक घावली," ते म्हणाले.

"हो."

"चूक तवाबी तुमचीच हुती."

"हो."

"मग वराडलासा कुनावर?"

मी वाकून जोडे काढण्यात उगाच वेळ घातला. अप्पांनी घराकडे तोंड करून अव्वाला मोठ्याने सांगितलं, "पावणं आल्यात. पान वाड."